देव न मानणाऱ्यांच्या घरचा गणपती: तसाच ठेवावा, बदलावा की थांबवावा?

श्रावण लागला की ओळखीतलं कुणी ना कुणी मला हा प्रश्न विचारतं. विचारणारे बहुतेक तिशी-चाळिशीतले असतात. वडिलांचे गुडघे गेलेले, पाटावर बसवत नाही, आणि ते म्हणतात, "या वर्षीपासून पूजेला तू बस." इकडे मुलाचा देवावर विश्वास नाही. नाही म्हणावं तर वडील दुखावतात, हो म्हणावं तर स्वतःशीच खोटं बोलल्यासारखं होतं.

मी यातून गेले आहे. सासरी पाच दिवसांचा गणपती, त्यात गौरी. नवरा आणि मी, दोघंही देव न मानणारे. म्हणून समोर असलेल्या वाटा इथे शेजारी शेजारी ठेवते. माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे. पण ती सगळ्यांच्या सोयीची नाही, आणि काहींसाठी तिसरीच बरोबर आहे.

पहिली वाट: आहे तसंच चालू ठेवायचं

या वाटेचा मोठा गुण म्हणजे कुणाला काही समजवावं लागत नाही. आई-वडील समाधानी राहतात, चुलत-मावस भावंडं जमतात, मुलांना आरत्या पाठ होतात, वर्षभर न बोलणारी माणसं एका पंगतीत बसतात. कोकणात तर चाकरमानी गणपतीलाच गावी जातो. तिथे गणपती बंद म्हणजे गावचं दार बंद झाल्यासारखंच.

अडचण पूजेत आहे. नीट ऐकलं तर कळतं की संकल्पात यजमान स्वतःचं नाव-गोत्र उच्चारून "हे मी करतो" असं म्हणतो. मग प्राणप्रतिष्ठा होते. शाडूच्या मूर्तीत देवत्व आलं, असं तिथून पुढे मानायचं असतं. नैवेद्य, आरती, उत्तरपूजेतलं पुन्हा येण्याचं आवाहन, सगळं त्यावरच उभं आहे. मोदक वळायला, मखर बांधायला, पाहुण्यांना वाढायला विश्वास लागत नाही. यजमान म्हणून पाटावर बसायला मात्र लागतो. मदतनीस आणि यजमान यांतला हा फरक मला फार उशिरा कळला. सासूबाई होत्या तोवर मी मदतनीस होते आणि मनात काही खुपत नव्हतं. त्यांची श्रद्धा खरी होती, मी त्यांच्या हाताखाली काम करत होते. त्या गेल्या, नवरा पाटावर बसू लागला, आणि घरात श्रद्धा असलेलं कुणीच उरलं नाही. चार वर्षं आम्ही तसंच केलं. गुरुजी सांगत, तो हात फिरवी, मी ताम्हन धरी.

दुसरी अडचण श्रमांची. गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात. त्या जेवणाला सोळा भाज्या, पुरण, पंचामृत, आणि आमच्याकडे चाळीसेक पानं. हे सगळं बायकांच्या अंगावर. त्यात 'शिवायचं नाही'. पाळीची तारीख गौरींच्या आसपास आली म्हणून मी गोळ्या घेऊन ती पुढे ढकलली आहे, एकदा नाही, चार वेळा. श्रद्धा असणारी बाई हे स्वतःच्या समजुतीने करते. मी ज्यावर विश्वास नाही त्यासाठी शरीराला हे करायला लावत होते. ही वाट निवडायचा विचार असलेल्या प्रत्येक पुरुषाने आधी घरातल्या बायकांना हे विचारावं.

तरीही घरात खरी श्रद्धा असलेलं माणूस असेल, आणि पूजा त्याच्या हातून होणार असेल, तर हीच वाट घ्या. गुडघे दुखतात तर पाटाऐवजी खुर्ची ठेवा, पण पूजा वडिलांनाच करू द्या. देवाला खुर्चीवर बसून केलेली पूजा चालत नाही, असं म्हणणारे गुरुजी मला अजून भेटलेले नाहीत.

दुसरी वाट: सण ठेवायचा, कर्मकांड सोडायचं

आम्ही शेवटी ही वाट घेतली. शाडू आणून लेकीने मूर्ती केली. दीड दिवस ठेवली. प्राणप्रतिष्ठा नाही, संकल्प नाही, सोवळं नाही. सजावट, गाणी, मोदक, आल्यागेल्याचं जेवण हे सगळं आहे. सोळा भाज्यांच्या जागी प्रत्येक घरून एक पदार्थ येतो. दुसऱ्या दिवशी मूर्ती बादलीत विरघळवायची आणि माती कुंड्यांत टाकायची. शाडू काही तासांत सुटा होतो. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती आणली तर बादलीत ती बरेच दिवस तशीच राहते, म्हणून मूर्ती निवडतानाच हे बघावं.

या वाटेवर टीका दोन्ही बाजूंनी होते. श्रद्धाळू नातेवाईक म्हणतात, "पूजेशिवाय मूर्ती म्हणजे बाहुली, खेळ मांडलाय." नास्तिक मित्र विचारतात, "पूजा नाही तर मूर्ती तरी कशाला?" दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पहिल्यांना मी सांगते की तुम्ही पूजा करता तेव्हा आम्ही आदराने उभे राहतो, आमच्या घरी मात्र खोटी पूजा करणार नाही. दुसऱ्यांसाठी माझ्याकडे तर्काचं उत्तर नाही. भाद्रपदात ओल्या मातीचा वास, हातात येणारा तो सोंडेचा आकार, हे माझ्या लहानपणाचं आहे. ते सोडायला मला कुठलं कारण दिसत नाही.

सण बदलणं म्हणजे संस्कृती बुडवणं, असं म्हणणाऱ्यांनी या सणाचाच इतिहास पाहावा. घरातला गणपती १८९३ च्या सुमारास सार्वजनिक झाला, मंडपात आला, लोकमान्य टिळकांनी त्याला राजकीय जागृतीचं साधन केलं. तोही बदलच होता. रत्नागिरीत स्थानबद्ध असताना विज्ञाननिष्ठ सावरकरांनी सगळ्या जातींना एकत्र आणणारा अखिल हिंदू गणेशोत्सव भरवला. त्यांच्या राजकारणाबद्दल कुणाचं काहीही मत असो, कर्मकांडावर कठोर टीका करणारा माणूस सणाचा सामाजिक उपयोग करत होता, हे खरं आहे. दादरच्या गणेशोत्सवात दलितांच्या पूजेच्या हक्कावरून वाद पेटला, आणि १९२६ मध्ये प्रबोधनकार ठाकरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू केला. सणाला दार बंद असेल तर दुसरा सण उभा करता येतो, हे त्यांनी दाखवलं.

अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिकाही मला या वाटेच्या जवळची वाटते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी देव-धर्माला सरसकट विरोध केला नाही. 'होळी लहान करा, पोळी दान करा', विसर्जित मूर्ती नदीत न टाकता दान करा, असे उपक्रम त्यांनी उभे केले. लोकांचा सण हिसकावून न घेता त्यातलं घातक तेवढं बाजूला काढायचं, ही त्यांची रीत होती.

या वाटेत धोका एकच. दोन-तीन वर्षांत ती नुसत्या जेवणावळीत संपू शकते. पूजेचा एक गुण असा की ती वेळ ठरवते, सगळ्यांना एका जागी गप्प बसवते. तो क्षण गेला की घर विस्कळीत होतं. म्हणून आम्ही संध्याकाळी सातची वेळ पक्की ठेवली आहे. फोन बाजूला, दिवे मालवलेले, एक समई, आणि घरातल्या गेलेल्या माणसांची एकेक आठवण कुणीतरी सांगतं. लेकीला तिची आजी आता यातूनच माहीत आहे.

तिसरी वाट: थांबवायचं

या वाटेबद्दल उच्चवर्णीय घरांत फार सहज बोललं जातं, जणू ती कंटाळलेल्यांची वाट आहे. तसं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत गौरी-गणपतीला देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, ही प्रतिज्ञा स्पष्ट आहे. ज्यांना पिढ्यान् पिढ्या मंडपाबाहेर उभं केलं, त्यांनी तो मंडप नाकारणं हा स्वाभिमानाचा निर्णय आहे. अशा घरातल्या मुलाला "संस्कृती म्हणून तरी बसव" असा आग्रह कुणी करू नये. सोसायटीच्या वर्गणीसाठीही नाही.

ते लोक निधर्मी नाहीत, बौद्ध आहेत, हे मला माहीत आहे. तरी त्यांच्याकडून निधर्मी माणसाने एक गोष्ट शिकावी. त्यांनी जुने सण सोडले आणि वर्ष रिकामं ठेवलं नाही. १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबरची चैत्यभूमी, ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती: स्वतःचं पंचांग उभं केलं. चैत्यभूमीला येणारी माणसं पिशव्या भरून पुस्तकं घेऊन जातात. हाही सणच आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला तेव्हा भटजीशिवाय लग्न लावण्याची पद्धतही दिली. लग्न नको, असं म्हटलं नाही.

एकट्या जोडप्याने मात्र गणपती बंद केला आणि त्याजागी काहीच आणलं नाही, तर काय होतं ते मी माझ्या एका मैत्रिणीकडे पाहिलं. पहिल्या वर्षी मोकळं वाटलं. तिसऱ्या वर्षी त्या पाच दिवसांत तिच्याकडे कुणी आलं नाही आणि तीही कुणाकडे गेली नाही. थांबवणार असाल तर त्या दिवसांचं काय करणार, हे आधी ठरवा.

सगळे सण एका तराजूत नकोत

घरात वाद होतो तो 'सण करायचे की नाही' असा एकच ठोक प्रश्न मांडल्यामुळे. दिवाळीत निर्णयाची गरजच पडत नाही. किल्ला, आकाशकंदील, फराळ, भाऊबीज यांत देव फारच थोडा आहे. दिवाळी अंक तर १९०९ च्या 'मनोरंजन'पासून चालत आलेला आपला वाङ्मयीन सण आहे, आणि तो कुठल्याही धर्माचा नाही. संक्रांतीचा तिळगूळही तसाच. वटपौर्णिमा मी पूर्ण सोडली, कारण ते व्रत काढून घेतलं की उरतंच काय? हळदीकुंकू सोडू नये, बदलावं. विधवांना न बोलावण्याचा क्रूरपणा त्यात आहे, तो काढला की शेजारणींची दुपार उरते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला. एका गावाला जे जमलं ते आपल्या सोसायटीला जमायला हवं.

दुसऱ्यांच्या सणाला जाताना हा पेच पडतच नाही. ईदचा शीरखुर्मा किंवा वसईतल्या मित्राकडचा नाताळ, तिथे आपण पाहुणे असतो, यजमानाची वाक्यं आपल्याला म्हणायची नसतात.

ठरवताना

घरात मनापासून मानणारं कोण आहे, हे आधी बघा. असेल तर पूजा त्याची, मदत तुमची. नसेल तर नुसत्या सवयीसाठी गुरुजींना बोलावू नका. काम कुणावर पडतं ते बघा, आणि कुणाला दाराबाहेर ठेवलं जातं तेही. मुलांनी विचारलं तर खरं सांगा. आमची लेक सहा वर्षांची असताना तिने विचारलं होतं, "बाप्पा खरंच मोदक खातो?" मी म्हटलं, "नाही, आपण खातो, पण आजी त्याला आधी दाखवायची." तिला ते पुरलं.

आणि मोठ्यांशी बोलायचं तर आषाढात बोला. मूर्ती सांगून झाली, गाड्यांची तिकिटं निघाली की त्या बोलण्याचं भांडणच होतं.

आमच्याकडे हे बोलणं दोन संध्याकाळी चाललं. धाकटे दीर आणि जाऊबाई मनापासून मानणारे. गौरींचे मुखवटे, चौरंग, सासूबाईंची चांदीची निरांजनं त्यांच्याकडे गेली. मुखवटे कापडात गुंडाळताना जाऊबाई रडल्या, मीही रडले. आमचा दीड दिवस झाला की आम्ही गौरी जेवणासाठी त्यांच्याकडे जातो. मी कुरडया तळते, पानं मांडते. पाळी आली असली तरी स्वयंपाकघरात मला कुणी अडवत नाही, ही अट जाऊबाईंनी स्वतःहून मान्य केली. आरतीला मी मागे उभी राहते, टाळ लेकीच्या हातात असतात.