तळव्यांची आग आणि बावीस हजारांचं 'नस मोकळी' पॅकेज

पुण्यात रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये 'मोफत नस तपासणी' शिबिर भरतं. कोथरूडच्या चौसष्ट वर्षांच्या एका काकू अशाच शिबिरात गेल्या. रात्री तळव्यांची आग व्हायची, बोटांना मुंग्या यायच्या, चप्पल पायातून निसटली तरी कळायचं नाही. तासाभरात त्या बावीस हजारांचं पॅकेज घेऊन घरी आल्या. बारा दिवस मशीनवर पाय ठेवायचे, दोन प्रकारच्या गोळ्या आणि सकाळ-संध्याकाळ एक पुडी. आजार नेमका कशामुळे झाला, हे कुणी विचारलंच नाही.

शिबिरातलं यंत्र खोटं नसतं, त्यामुळेच माणूस फसतो. त्याचं नाव बायोथेसिओमीटर. अंगठ्यावर कंप पावणारी दांडी ठेवतात आणि व्होल्टचा आकडा शून्यापासून वाढवत नेतात. कंप जाणवला की 'हो' म्हणायचं. पंधराच्या आत ठीक, पंचविसाच्या पुढे संवेदना बरीच कमी, असा साधारण हिशोब. पण दांडी स्वतःच्या वजनाने टेकलेली हवी, आकडा सावकाश वाढवायला हवा आणि तीनदा मोजून सरासरी काढायला हवी. बटण भरकन फिरवलं तर तुम्ही 'हो' म्हणेपर्यंत आकडा पुढे गेलेला असतो. मग कागदावर तळव्यांचं लाल चित्र छापून येतं. पॅकेज संपल्यावर तेच बटण हळू फिरवलं की आकडा उतरतो आणि चित्र हिरवं होतं. शिवाय वयानुसार हा आकडा मुळातच चढतो. आणि यंत्र अगदी नीट वापरलं तरी ते फक्त संवेदना किती कमी झाली तेवढंच सांगतं. ती का कमी झाली, हे सांगत नाही.

दुसरी चलाखी शब्दाची. आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. म्हणून 'नसेत ब्लॉकेज आहे, मोकळं करतो' हे लगेच पटतं. मज्जातंतू तुंबत नाही. रक्तवाहिनी मात्र खरंच अरुंद होते, पण तिची खूण वेगळी. थोडं चाललं की पोटरी धरते, नुसतं उभं राहिलं की दोन मिनिटांत सुटते. बसल्यावर किंवा वाकल्यावरच बरं वाटत असेल तर कमरेच्या मणक्यात पाहावं लागतं.

काकूंना मधुमेह होता. अकरा वर्षं साखरेसाठी मेटफॉर्मिन, ॲसिडिटीसाठी रोज पँटोप्राझोल आणि जेवण पूर्ण शाकाहारी. एवढं ऐकलं की जाणत्या डॉक्टरांनी पहिल्यांदा रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व बघायला हवं, कारण मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची गोळी दोन्हींनी ते कमी होतं. चार महिन्यांनी तपासलं तेव्हा ११८ निघालं. प्रयोगशाळा साधारण २०० च्या खाली कमी धरतात. २०० ते ३०० च्या मध्ये असेल तर खात्रीसाठी रक्तातलं होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड पाहतात; बी-१२ कमी पडलं की हे वाढतात. सुरुवातीलाच सापडलं असतं तर इंजेक्शनं तेव्हाच सुरू झाली असती. मज्जातंतूंचं नुकसान जितकं जुनं, तितकं ते भरून यायला अवघड. गेलेले चार महिने हे बावीस हजारांपेक्षा मोठं नुकसान आहे.

कुणी 'आधी गोळ्या सुरू करा, मग तपासू' म्हणालं तर ऐकू नका. बी-१२ घेतल्यानंतर रक्तातला आकडा वर दिसतो आणि मूळ कमतरता झाकली जाते. हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणजे बी-१२ चांगलं, असंही नाही. नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारतं, पण मज्जातंतू खराब होत राहतात.

दोन्ही पायांत मोज्यासारखी आग किंवा बधिरपणा असेल तर उपाशीपोटी व जेवणानंतरची साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), बी-१२, टीएसएच (थायरॉइड), क्रिएटिनिन (मूत्रपिंड) एवढ्या तपासण्या आधी हव्यात. यातून उत्तर मिळालं नाही तर प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तातल्या प्रथिनांची तपासणी. दारू, टीबीचं आयसोनियाझिड, केमोथेरपी हे आपणहून सांगा. एकाच पायात असेल, किंवा बधिर फिकट चट्टा असेल तर कुष्ठरोग तपासायलाच हवा. तो औषधांनी बरा होतो. एनसीव्ही, म्हणजे मज्जातंतूंतून संदेश किती वेगाने जातो ती तपासणी, नॉर्मल आली म्हणून दुखणं मनाचं नसतं. ती जाड तंतूंची तपासणी आहे, आग बारीक तंतूंमधून येते. काही दिवसांतच पाय लुळे पडून तो लुळेपणा वर चढत असेल तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड परिसरात अशाच लुळेपणाच्या आजाराचे, म्हणजे जीबीएसचे (गियान-बारे सिंड्रोम) रुग्ण आढळले, ते पुणेकरांना आठवत असेल.

आता गोळ्या. काकूंच्या दोन्ही पाकिटांवर पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६ होतं. जादा बी-६ दीर्घकाळ घेतलं तर त्यानेच पाय बधिर होतात. सगळ्या गोळ्यांवरचे मिलिग्रॅम एकत्र मोजा. पुडीवर तर काहीच लिहिलेलं नव्हतं. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याचे प्रकार पूर्वी सापडले आहेत. दोन दिवसांत आराम पडतो, भूक वाढते आणि साखर भडकते. काही भस्मांत शिसं वा आर्सेनिक असतं आणि हे दोन्ही मज्जातंतूंचेच वैरी.

पैसे भरले असतील तर पक्कं बिल, यूपीआयची नोंद, जाहिरात, तपासणीचा रंगीत कागद जपून ठेवा. ईएमआयवर घेतलं असेल तर कर्जाचे कागदही मागून घ्या. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. उपचार देणाऱ्याचा नोंदणी क्रमांक संबंधित वैद्यकीय परिषदेकडे पडताळा. उरलेल्या पुड्या टाकू नका. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना त्याच पुरावा ठरतील. आणि पुडी काही आठवडे रोज घेतली असेल तर स्वतःहून एकदम थांबवू नका; आत स्टिरॉइड असलं तर अचानक थांबवल्याने रक्तदाब कोसळू शकतो. पुडी घेऊन आधी फिजिशियनकडे जा.