बाईक पडली, थोडंच लागलंय: क्लेम टाकून सर्व्हिस सेंटरला द्यायची की ओळखीच्या मेकॅनिककडे रोखीत?

गेल्या पावसाळ्यात पुण्यात सिंहगड रोडला गल्लीतून मेन रोडला वळताना बारीक खडी पसरलेली होती, पुढचं चाक सटकलं आणि गाडी डाव्या बाजूला आडवी. स्पीड वीसच्या आसपास असेल, मला गुडघ्याला खरचटलं तेवढंच. गाडी १५० सीसीची, चौथं वर्ष चालू. क्लच लिव्हर तुटला, डावा आरसा गेला, इंडिकेटर लोंबत होता, व्हायजरला तडा, फुटरेस्ट वाकलेलं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे चाक सरळ असताना हँडल डावीकडे बघत होतं. त्या आठवड्यात दोन्हीकडे फिरलो, म्हणून जे कळलं ते लिहितोय, कुणाची गाडी आत्ताच पडली असेल तर उपयोग होईल.

आधी एक गोष्ट, सर्व्हिस सेंटर का मेकॅनिक हे ठरवायच्या आधीच पॉलिसी उघडून बघा. सप्टेंबर २०१८ पासून नवीन टू-व्हीलरला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरणारी पॉलिसी, ५ वर्षांची एकदम घ्यावी लागते, त्यामुळे खूप जणांना वाटतं की आपला इन्शुरन्स ५ वर्षांचा आहे. पण आपल्या गाडीचं नुकसान भरून देणारा भाग, म्हणजे ओन डॅमेज, तो बऱ्याचदा पहिल्या एका वर्षाचाच असतो आणि रिन्यू करायचा राहून गेलेला असतो. तसं असेल तर क्लेमचा विषय तिथेच संपला, सरळ मेकॅनिक.

ओन डॅमेज चालू असेल तर मग खरा हिशोब. क्लेमचे पैसे पूर्ण मिळत नाहीत. झिरो डेप, म्हणजे पार्टची घसारा-कपात न होण्यासाठी जास्त पैसे भरून घेतलेलं कव्हर, नसेल तर प्लास्टिक, रबर, नायलॉनच्या पार्टवर ५०% कापतात, लोखंडी-ॲल्युमिनियमच्या पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे, म्हणजे ३ ते ४ वर्षांच्या गाडीला २५%. वर टू-व्हीलरला १०० रुपये सक्तीचे आपल्या खिशातून. आणि खरा फटका नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न टाकल्याबद्दल ओन डॅमेजच्या प्रीमियमवर मिळणाऱ्या सुटीचा. तो २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा वर्षागणिक चढत जातो आणि एक क्लेम टाकला की शून्यावर येतो, परत पहिल्यापासून चढायचं.

माझंच गणित सांगतो. मेकॅनिककडे एकूण २,१०० झाले: प्लास्टिकचे पार्ट ९००, लोखंडी-ॲल्युमिनियमचे ८००, मजुरी ४००. एवढ्याचाच क्लेम टाकला असता तर ४५० अधिक ६०० अधिक ४००, त्यातून १०० वजा, म्हणजे हातात १,३५०. आता ओन डॅमेजचा प्रीमियम बोनस वजा करायच्या आधी १,५०० धरा. माझा बोनस ३५% होता, पुढच्या रिन्यूअलला ४५% मिळणार होता, तो गेला म्हणजे पहिल्याच वर्षी ६७५ जास्त भरायचे, नंतर ४५०, मग ३७५, २२५, ७५. पाच वर्षांत १,८००. प्रीमियम दरवर्षी थोडा खाली येतो म्हणून आकडा जरा कमी होईल, पण १,३५० साठी एवढं घालवायचं, वर कंपनीचा माणूस येऊन नुकसान तपासेपर्यंत, म्हणजे सर्व्हेची, वाट बघत गाडी उभी ठेवायची, मला पटलं नाही.

हेच गाडी पहिल्या वर्षात असेल तर उलटं होतं. तेव्हा बोनस अजून साचलेलाच नसतो, पाच वर्षांचं नुकसान धरलं तरी एका वर्षाच्या प्रीमियमच्या निम्मं, म्हणजे १,५०० च्या हिशोबाने ७५०. त्यात स्कूटर असेल आणि झिरो डेप घेतलेलं असेल तर बिनधास्त क्लेम टाका, कारण स्कूटर पडली की सगळं अंगच प्लास्टिकचं, पुढचं पॅनल, साइड पॅनल, मडगार्ड, रंगीत पॅनल स्वस्त येत नाहीत आणि झिरो डेप नसतं तर निम्मे आपल्यालाच भरावे लागले असते. फक्त क्लेम टाकायचा असेल तर कंपनीला आधी कळवा, फोटो काढा आणि सर्व्हे होईपर्यंत एक बोल्टसुद्धा खोलू नका. आधी रिपेअर आणि मग क्लेम असं करायला गेलात तर अडकाल.

आता कामाचं. सर्व्हिस सेंटरला मला ८,७०० चं एस्टिमेट दिलं, त्यात पुढच्या चाकाचे दोन्ही शॉकअप नवीन. का, तर हँडल वाकडं दिसतंय. मेकॅनिक काकांकडे नेली तर त्यांनी खाली बसून एक मिनिट नुसतं बघितलं आणि म्हणाले, "साहेब, वाकला नाहीये, फिरलाय." मग टी चे, म्हणजे हँडलखाली दोन्ही शॉकअप धरून ठेवणाऱ्या पट्टीचे, बोल्ट आणि चाकाचा एक्सल ढिला केला, चाक दोन्ही गुडघ्यांत धरलं आणि हँडलला उलट्या बाजूला एक झटका, परत एक छोटा. समोर उभं राहून डोळा लावून बघितलं, बोल्ट आवळले. तरी माझ्या मनात शंका होती म्हणून त्यांनी शॉकअपचे पाइप बाहेर काढून काचेवर लोळवून दाखवले. पाइप वाकलेला असेल तर लोळताना थडथड उड्या मारतो, खाली फट दिसते. माझे दोन्ही गुळगुळीत लोळले. ६,६०० रुपयांचा फरक त्या काचेवर होता. हँडलचा दांडा मात्र खरंच थोडा वाकला होता, तो त्यांनी सरळ न करता बदलायला लावला आणि ते बरोबरच आहे.

म्हणून माझं मत असं झालंय की सर्व्हिस सेंटरचं काम चुकीचं नसतं, पण तिथे बदलायची पद्धत आहे, दुरुस्त करायची नाही. वाकलेला गिअर लिव्हर लोखंडी असेल तर गॅसवर तापवून सरळ होतो, फुटरेस्टचा दांडा सरळ होतो, प्लास्टिक पॅनलचा तडा आतून सांधता येतो. हे सगळं मेकॅनिककडेच. पण ॲल्युमिनियमचा ब्रेक किंवा क्लच लिव्हर कुणी ठोकून सरळ करून देत असेल तर नको म्हणा, तो आतून चिरतो आणि नेमका जोरात दाबताना तुटतो, नवीन काही महाग नाही.

पार्ट मी स्वतः नाना पेठेत जाऊन कंपनीचे आणले, होलोग्राम बघून आणि बिल घेऊन. मेकॅनिककडे हाच एक धोका असतो, डुप्लिकेट आरसा चालेल पण डुप्लिकेट लिव्हर नको, आणि काकांनीच सांगितलं की तुम्हीच आणा म्हणजे शंका नको.

सर्व्हिस सेंटरलाच कधी न्यायची? वॉरंटी चालू असेल तर, एबीएसचा लाइट विझत नसेल तर, ब्रेक लिव्हर स्पंजसारखा लागत असेल तर, आणि चेसिसवर किंवा टी पाशी कुठे चीर दिसली तर. अशा वेळी बोनस जाऊ दे, क्लेम टाका, कारण तिथे बिल वाढतं आणि काम चुकलं तर जिवाशी खेळ. पडताना दुसऱ्या कुणाला लागलं असेल किंवा दुसऱ्याची गाडी घासली असेल तरी रोखीत मिटवायला जाऊ नका, कंपनी आणि पोलीस दोघांना कळवा.

पडल्यावर गाडी स्टार्टच होत नाही म्हणून घाबरून टोइंग बोलावणारे पण बघितलेत. बऱ्याच बीएस-६ गाड्यांना आडवं पडलं की इंजिन बंद करणारा सेन्सर असतो, गाडी उभी करा, पेट्रोल किंवा ऑइल गळत नाही ना बघा, चावी बंद करून परत चालू करा. आणि सायलेन्सरला छोटी चेप आली असेल तर राहू द्या, त्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर साफ करणारा भाग, असतो म्हणून नवीन फार महाग, छोट्या चेपेने चालण्यात फारसा फरक पडत नाही. टाकीवरचे ओरखडे पण मी तसेच ठेवलेत. हेल्मेट मात्र रस्त्याला आपटलं असेल तर वरून चांगलं दिसलं तरी बदला, ह्यात पैसे वाचवू नका.

गाडी ताब्यात घेताना रिकाम्या रस्त्यावर हळू चालवून बघा, सरळ जाताना हँडल मधोमध राहतंय का, पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवल्यावर वायर ताणत नाहीत ना, क्लच दाबून सोडला की लिव्हर पटकन परत येतो का. माझी दिली तेव्हा काका म्हणाले आठवड्याने परत आणा, टी चे बोल्ट परत बघतो. नेली, तर एक बोल्ट खरंच पाव आटा आणखी बसला, त्याचे पैसे घेतले नाहीत.