ऑफलाइन नकाशा आणि विदर्भातले रस्ते : उन्हाळा-पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

उन्हाळ्याच्या तोंडावर, दुचाकीवरून फिरताना रस्ता शोधायला, मोबाईलमध्ये इंटरनेटशिवाय चालणारं नकाशाचं ॲप टाकलं. त्यातली माहिती ओपनस्ट्रीटमॅपची, स्वयंसेवकांनी भरलेली. आता कापसाची वेचणी लागली आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितोय.

ज्यासाठी घेतलं ते काम चोख होतं. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसाल, धारणी असं मेळघाटातून जाताना बराच वेळ रेंज नसते. त्या भागाचा नकाशा आधी उतरवून ठेवला की अडत नाही, कारण जीपीएसला रेंज लागतच नाही.

एक मात्र जपा. यात दुचाकीचा वेगळा पर्याय नाही. कारचा पर्याय लावून वर्ध्याहून लोणार टाकलं की ॲप समृद्धी महामार्गावर चढवायला बघतं, आणि समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. सेटिंगमध्ये द्रुतगती मार्ग टाळायचा पर्याय सुरू केला की कारंजा, मालेगाव, मेहकर असा जुना रस्ता मिळतो. मला तोच आवडतो. दर थोड्या अंतरावर गाव, चहा, पंक्चरवाला.

घाट म्हणजे अवघड आणि सपाट म्हणजे सोपं, हे मला आता अजिबात पटत नाही. चिखलदऱ्याचा घाट डांबरी आहे, खालच्या गिअरवर शांतपणे नवखाही चढतो. खरी कसोटी आपल्या सपाट पांदणींची, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या मातीच्या वाटांची. काळी माती मे महिन्यात दगडासारखी कडक असते, गाडी आरामात निघते. त्याच पांदणीवर एक चांगला पाऊस पडला की माती चाकाला चिकटत जाते, मडगार्डच्या आत गच्च भरते आणि चाक फिरायचंच थांबतं. काडीनं उकरून काढल्याशिवाय गाडी ढकलताही येत नाही. नकाशात मात्र दोन्ही दिवशी तीच रेघ. रस्ता डांबरी, मुरमाचा की मातीचा, हे नोंदवायची सोय ओपनस्ट्रीटमॅपमध्ये आहे, शेता-जंगलातल्या वाटांचे पाच दर्जेही ठरलेले आहेत. पण ते कुणीतरी भरावं लागतं. जिथे भरलेलं नाही तिथे 'कच्चे रस्ते टाळा' लावूनही ॲप खुशाल वावरात नेतं.

म्हणून रस्ता निवडताना आदल्या रात्री उपग्रहाच्या चित्रात मातीचा रंग बघतो. मुरूम लालसर दिसतो, काळी माती लगेच ओळखू येते. वाटेत मैलाच्या दगडाकडे लक्ष ठेवतो : पिवळं डोकं राष्ट्रीय महामार्गाचं, हिरवं राज्य महामार्गाचं, नारिंगी ग्रामसडकेचं. नारिंगी दगड दिसला की पावसाळ्यातही बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो.

त्यापुढे माणसांना विचारणं आलंच. "रस्ता आहे का?" विचारलं तर सगळे हो म्हणतात, कारण रस्ता असतोच. "भाऊ, काल इथून कोणाची गाडी गेली का?" असं विचारा. धुऱ्यावर उभ्या एका काकांनी मला सांगितलं, "बंडी जाते बाप्पा, तुही गाडी नाही जाणार. रपट्यावर पाणी हाये." पाणी रपट्यावरून, म्हणजे ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, वाहत असेल तर ते कितीही उथळ दिसो, मागे फिरा. हे कुठलंच ॲप सांगत नाही.

उन्हाळ्यात हँडलवरचा मोबाईल तापून बंद पडतो. तो खिशात ठेवून कानात सूचना ऐकणं बरं. ॲप ठेवणार आहे, आणि ज्या पांदणींवरून गेलो त्यांच्या मातीची नोंद घरी आल्यावर नकाशात भरतोय. वर्धा-यवतमाळकडच्या कुणाला हात लावायचा असेल तर पावसाळ्यात बंद पडणाऱ्या पांदणी आधी घ्या.