वीस दिवसांत एकदाही बंद न पडलेली गाडी

ड्रायव्हिंग स्कूलवाले एका गाडीत चार-चार शिकाऊ बसवतात, अर्ध्या तासातली दहा-बारा मिनिटेच हातात चाक देतात आणि ‘लायसन्सचे सगळे आम्ही बघतो’ असे सांगून वरचे पैसे काढतात, हे कोणाला ठाऊक नाही? मलाही ठाऊक होते आणि तेवढे सोसायचे ठरवूनच मी पैसे भरले होते. माझी खरी फसवणूक त्याहून वेगळी आहे. वीस दिवस माझ्या गाडीचा क्लच दुसराच माणूस दाबत होता आणि मी गाडी चालवते आहे असे मला रोज सांगितले जात होते.

माझी बदली घरापासून ३४ किलोमीटरवरच्या शाळेत झाली. एसटीच्या वेळा जुळेनात, म्हणून थोरल्या भावाने त्याची जुनी, हाताने गिअर बदलायची गाडी मला दिली. वयाच्या ४६व्या वर्षी क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हे तीन पेडल दोन पायांनी सांभाळायचे दडपण होतेच, त्यामुळे ओळखीच्या दोघींनी नाव सुचवलेल्या स्कूलमध्ये गेले. अर्ध्या तासाच्या २० पाठांचे ६,५०० रुपये आणि लायसन्सचे २,४०० रुपये असे ८,९०० रुपये पहिल्याच दिवशी रोख दिले. पावती मिळाली ती फक्त ६,५०० रुपयांची. केंद्रीय नियमांत शिकाऊ लायसन्सचे शुल्क १५० रुपये, त्याच्या चाचणीचे ५० आणि पक्क्या लायसन्सच्या चाचणीचे ३०० रुपये आहे. कार्ड आणि टपालाचा खर्च धरला तरी २,४०० रुपये होत नाहीत. हे सगळे मी पैसे देऊन झाल्यावर वाचले. तुम्ही आधी वाचा, आणि रोख तर अजिबात देऊ नका.

पहिल्या दिवसापासून माझी गाडी सुरेख चालत होती. प्रशिक्षक शेजारी बसून “क्लच हळू सोडा मॅडम, छान, आता दुसरा टाका” असे म्हणत आणि गाडी एकही आचका न देता निघत असे. मागच्या सीटवर बसून आपल्या पाळीची वाट पाहणारी मुले “मॅडम, तुमचा हात लगेच बसला” म्हणायची. मला त्याचा अभिमान वाटायचा. वीस दिवसांत माझ्या हातून इंजिन एकदाही बंद पडले नाही, हे मी घरी कौतुकाने सांगितले होते. आज ते वाक्य आठवले की घशाशी येते.

मॅन्युअल गाडी शिकणाऱ्याकडून इंजिन बंद पडलेच पाहिजे. क्लचची चकती फिरत्या इंजिनाला जिथे पहिल्यांदा धरते ती नेमकी जागा डाव्या पायाला सापडेपर्यंत गाडी दहा वेळा, वीस वेळा आचका देऊन मरते आणि त्या मरण्यातूनच पाय शिकतो. ज्याची गाडी कधीच बंद पडत नाही, त्याच्याऐवजी क्लच कोणीतरी दुसरे सांभाळत असते. स्कूलच्या गाडीला प्रशिक्षकाच्या बाजूनेही पेडल असतात. तसे असावेत असा नियमच आहे, कारण धोका दिसला तर त्याला गाडी आवरता आली पाहिजे. माझ्या प्रशिक्षकाने ती सोय धोक्यासाठी न ठेवता दिवसभर वापरली, कारण शिकाऊ मनुष्य गाडी बंद पाडत बसला तर वेळ जातो, क्लच-प्लेट झिजते आणि त्या तासात चार माणसे उरकत नाहीत.

मला हे आठव्या दिवशीच कळायला हवे होते. उड्डाणपुलाच्या चढावर पुढचा ट्रक एकाएकी थांबला. मी घाबरून उजव्या पायाने ब्रेक दाबला आणि क्लच दाबायचा पूर्ण विसरले. माझा डावा पाय पेडलच्या शेजारी जमिनीवर सपाट टेकलेला होता. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. गिअरमध्ये असलेली गाडी क्लच न दाबता जागेवर थांबवली की इंजिन बंद पडणारच, त्याला दुसरा मार्ग नाही. तरीही इंजिन शांतपणे चालू राहिले. मी खाली पाहिले, तेव्हा क्लचचे पेडल आपोआप खाली गेलेले मला दिसले. हो, मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिले. माझा पाय त्यावर नव्हता आणि तरी ते तळाला टेकलेले होते. मी विचारलेही. “गाडी नवीन आहे मॅडम, क्लच मऊ आहे,” असे उत्तर मिळाले आणि मागे हॉर्न वाजू लागल्यामुळे मी पुढे बघितले. त्या एका क्षणी मी प्रशिक्षकाला दोन्ही पाय वर घ्यायला सांगितले असते, तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

यावर लोक म्हणतील की एवढे साधे कसे कळले नाही. माझे म्हणणे असे की ज्याने आयुष्यात कधी क्लच दाबलेला नाही, त्याला मऊ काय आणि कडक काय, हे कळणार कशावरून? शिकवणाऱ्यावर विश्वास ठेवल्याशिवाय शिकता येत नाही. मी स्वतः २२ वर्षे मुलांना शिकवते आहे आणि माझ्या वर्गातल्या मुलाने माझ्यावर ठेवावा तेवढाच विश्वास मी त्या माणसावर ठेवला होता.

पक्क्या लायसन्सची चाचणी त्याच गाडीत झाली, शेजारी तेच प्रशिक्षक होते आणि निरीक्षक बाहेर उभे होते. मी उत्तीर्ण झाले. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लपवले तर पुढचा फसेल.

भावाची गाडी पहिल्यांदा बाहेर काढली त्या दिवशी फाटकातच ती सहा वेळा बंद पडली. मी पुन्हा स्कूलमध्ये गेले. “तुमची गाडी जुनी, क्लच कडक, चढावाचे सहा विशेष पाठ घ्या,” असा सल्ला मिळाला आणि मी आणखी ३,००० रुपये दिले. ते सहाही पाठ अर्थातच त्यांच्या गाडीत झाले आणि तिथे पुन्हा सगळे सुरळीत चालले. मग मी हट्टाने स्वतःची गाडी शाळेपर्यंत नेऊ लागले. बंद पडू नये म्हणून क्लच अर्धा दाबून धरायचा आणि ॲक्सिलरेटर वाढवायचा, एवढाच उपाय मला सुचत होता. अर्ध्यावर धरलेल्या क्लचची चकती सतत घासते आणि तापते, हे मला कोणी सांगितलेले नव्हते. तिसऱ्या आठवड्यात चढावर जळका वास आला, इंजिन नुसते ओरडत राहिले आणि गाडी पुढे सरकेना. क्लच-प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी मिळून ११,४५० रुपये झाले. मेकॅनिकने काळी पडलेली चकती माझ्या हातात दिली आणि विचारले, “ताई, स्कूलच्या गाडीत क्लच कोण दाबत होते?” त्या प्रश्नाने मला तो पूल आणि ते खाली गेलेले पेडल आठवले.

६,५००, २,४००, ३,००० आणि ११,४५०, एकूण २३,३५० रुपये. एका पाठात माझ्या हातात चाक १२ मिनिटांच्या वर कधी आले नाही. वीस पाठांचे २४० मिनिटे, म्हणजे चार तास झाले. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार खासगी वाहनाच्या शिकाऊला किमान २१ दिवसांचे प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास मिळालेच पाहिजेत. ‘वीस दिवसांचा कोर्स’ हा फलकच नियमाविरुद्ध होता आणि तो भर रस्त्यावर सर्वांना दिसेल असा टांगलेला होता.

परिवहन कार्यालयात तक्रार घेऊन गेले, तर पहिल्या खिडकीने दुसरीकडे आणि दुसरीने ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ म्हणून परत पाठवले. चौथ्या खेपेला जे अधिकारी भेटले, त्यांनी माझा तीन पानी अर्ज उभ्याउभ्या चाळून विचारले, “पास झालात ना? मग फसवणूक कसली?” मी म्हटले की चाचणीच खोटी झाली. त्यावर ते म्हणाले की मग तुमचेच लायसन्स रद्द करावे लागेल. तक्रार करणाऱ्यालाच धमकावण्याची ही कोणती रीत? स्कूलचा परवाना हेच कार्यालय देते, तो निलंबित करण्याचा अधिकारही याच कार्यालयाला आहे, आणि तरी ‘फीचा व्यवहार तुमच्या दोघांतला’ हे वाक्य मला तीन वेगवेगळ्या टेबलांवर ऐकावे लागले. पोलीस ठाण्यात ‘ही दिवाणी बाब आहे’ म्हणून अर्जावर पोचही मिळत नव्हती. दोन तास बाकावर बसून राहिले तेव्हा शिक्का मिळाला. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. काही दिवसांनी ‘समोरच्या पक्षाचा प्रतिसाद नाही’ एवढ्या शेऱ्यावर ती बंद झाली. ज्याने फसवले तो उत्तर देत नाही, म्हणून तक्रार मिटली असे कसे धरता येते, हे मला अजून कोणी समजावलेले नाही.

शेवटी माहिती अधिकारात १० रुपये भरून, नकार आल्यावर पहिले अपील करून, मी माझ्या तक्रारीच्या फाइलची नक्कल मिळवली. त्यात स्कूलने सादर केलेला नमुना १५ होता. प्रत्येक शिकाऊने किती तास गाडी चालवली, याची ही नोंदवही. त्यात प्रशिक्षकाची आणि शिकाऊची सही लागते. ती पाहायला मिळेल का, हे पैसे भरण्याआधी विचारा, रोज स्वतः सही करा आणि त्या पानाचा फोटो घ्या. भिंतीवर नमुना ११ मधला परवाना लावलेला नसेल तर पायरीवरूनच माघारी फिरा.

दरम्यान, भाच्याने मोकळ्या मैदानात मला खऱ्या अर्थाने शिकवले. “मावशी, ॲक्सिलरेटरला पायच लावू नकोस, नुसता क्लच सोड,” असे तो म्हणाला. पहिल्या तासात गाडी १७ वेळा बंद पडली. अठराव्या वेळी इंजिनाचा आवाज किंचित जड झाला, डाव्या तळपायाखाली बारीक थरथर जाणवली आणि गाडी मुंगीच्या पावलाने पुढे सरकली. ही थरथर मला ११,९०० रुपये घेऊन कोणी एकदाही जाणवू दिली नव्हती.

जिल्हा ग्राहक आयोगाकडे मी आता तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. सोबत नमुना १५ची नक्कल जोडली आहे. तीत माझ्या नावावर पूर्ण १० तास आणि २१ दिवस भरलेले आहेत. एकविसाव्या दिवशी मी जिल्ह्याच्या ठिकाणी शिक्षक प्रशिक्षणाला हजर होते, त्याचे हजेरीपत्रकही मी जोडले आहे. एकवीसही सह्या इंग्रजीत आहेत. मी नोकरीला लागल्यापासून मराठीतच सही करते.