यादीत असलेले, करारात नसलेले इस्पितळ

आमची कौटुंबिक आरोग्य विमा पॉलिसी गेली सात वर्षे एकाच खासगी कंपनीकडे आहे आणि तिचा खरा उपयोग यंदा प्रथमच, बाबांच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी झाला. कंपनीचे नाव देत नाही, कारण हा दोष तिच्यापुरताच असेल असे मला वाटत नाही.

आम्ही गोव्यात डिचोलीत राहतो. येथून कॅशलेस उपचारांसाठी, म्हणजे बिल कंपनीने थेट इस्पितळाला भरावे यासाठी, म्हापसा, पणजी किंवा फोंडा गाठावे लागते. कंपनीच्या ॲपवरील यादी पाहून आम्ही म्हापशातील एक इस्पितळ निवडले, डॉक्टरांनी तारीख दिली, आणि आदल्या दिवशी कागदपत्रे घेऊन मी तेथील विमा कक्षात गेले. काचेवर आतून चिकटवलेल्या कागदावर विमा कंपन्यांची नावे होती. त्यांपैकी तिघांवर निळ्या पेनाने काट मारलेली होती आणि त्यातले दुसरे नाव आमच्या कंपनीचे होते. खिडकीतल्या मुलीने शांतपणे सांगितले, "करार एप्रिलातच संपला. ॲपवर अजून दिसतो, म्हणून आठवड्याला दोन-तीन जण असे येतात."

करार का संपतात हे समजण्यासारखे आहे. प्रत्येक शस्त्रक्रियेचे दर कंपनी आणि इस्पितळ आपसात ठरवतात; नूतनीकरणाच्या वेळी इस्पितळ वाढ मागते, कंपनी देत नाही, आणि बोलणी फिसकटतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु करार संपल्यावर ते नाव यादीतून त्याच दिवशी काढणे हे कंपनीचे काम आहे. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे अडीच ते चार लाखांचे संरक्षण आणि गोमेकॉसारखे (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) सरकारी इस्पितळ हाताशी असताना आपण खासगी पॉलिसीचा हप्ता भरतो, तो मुख्यतः आपल्या पसंतीचे इस्पितळ मिळावे म्हणून. यादीच चुकीची असेल, तर आपण पैसे देऊन घेतलेली वस्तूच सदोष आहे.

ग्राहक सेवा केंद्राने मला दोनच मार्ग सांगितले: दुसरे इस्पितळ पाहा, किंवा पैसे भरून नंतर परताव्याचा दावा करा. तिसरा मार्ग मलाच सांगावा लागला. जानेवारी २०२४ मध्ये सर्वसाधारण विमा कंपन्यांच्या परिषदेने जाहीर केल्याप्रमाणे, करार नसलेल्या इस्पितळातही कॅशलेस सुविधा मागता येते. नियोजित उपचारासाठी किमान ४८ तास आधी, तर तातडीच्या प्रसंगी दाखल झाल्यापासून ४८ तासांत कंपनीला कळवावे लागते. वरिष्ठ अधिकाऱ्याने हे मान्य केले, इस्पितळही तयार झाले. शस्त्रक्रिया मात्र तीन दिवस पुढे गेली, आणि बाबांनी ते तीन दिवस पेज व उकडलेल्या भाजीवर काढले.

पूर्वमंजुरी पन्नास मिनिटांत आली. विमा नियामकाने २०२४ च्या परिपत्रकात घालून दिलेली एका तासाची मुदत येथे पाळली गेली, हे मी आवर्जून नोंदवते. घरी सोडण्याच्या दिवशी मात्र तसे घडले नाही. इस्पितळाने अंतिम बिल सव्वाअकराला पाठवले. त्याच परिपत्रकानुसार तीन तासांत मंजुरी यायला हवी होती. दोन वाजता कंपनीने पहिल्या तपासणीची चिठ्ठी मागितली, जी पूर्वमंजुरीच्या अर्जासोबतच जोडलेली होती. मंजुरी पाच वाजून पाच मिनिटांनी आली. तोपर्यंत बाबा कपडे बदलून, चपला घालून खाटेच्या कडेला बसून होते.

या विलंबामुळे खोलीचे १,८०० रुपये वाढले. असा वाढीव खर्च कंपनीने सोसावा असा नियम आहे, तो मी ईमेलमध्ये उद्धृत केला आणि नऊ दिवसांनी रक्कम खात्यात जमा झाली. हातमोजे वगैरे साहित्याचे कापलेले पैसे पॉलिसीच्या अटींनुसारच होते.

दावा मंजूर करण्याच्या बाबतीत ही कंपनी मला विश्वासार्ह वाटली. इस्पितळांचे जाळे सांभाळण्यात ती निष्काळजी आहे. पॉलिसी घेताना किंवा नूतनीकरण करताना जवळच्या दोन-तीन इस्पितळांच्या विमा कक्षात स्वतः फोन करून करार चालू आहे का, हे विचारून घ्यावे. यादीविषयीची माझी लेखी तक्रार कंपनीकडे पडून आहे. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर मी विमा लोकपालाच्या पुणे कार्यालयाकडे जाणार आहे, कारण गोवा त्यांच्याच कक्षेत येतो. आज सकाळी ॲप पुन्हा उघडले, तेव्हा म्हापशाचे ते इस्पितळ यादीत तसेच होते.