गॅस गीझर की विजेचा? लहान बाथरूमसाठी निवड

गॅस गीझर मिनिटाला 6 लिटर गरम पाणी देतो, न थांबता. 2 किलोवॉटच्या 15 लिटर विजेच्या गीझरला टाकीतलं पाणी 25 अंशांवरून 60 वर न्यायला सुमारे 20 मिनिटं लागतात. सकाळी चार जणांच्या आंघोळी एकापाठोपाठ उरकायच्या असतील तर गॅस सोयीचा, यात वाद नाही.

पण त्याला हवा लागते, आणि फार लागते. 1 किलो एलपीजी पूर्ण जळायला 12 ते 13 घनमीटर. 5 बाय 7 फुटांच्या, 8 फूट उंच बाथरूममध्ये हवा जेमतेम 8 घनमीटर. 20 मिनिटांत गीझर साधारण 300 ग्रॅम गॅस जाळतो, म्हणजे दारं-खिडक्या बंद असतील तर निम्म्या हवेतला प्राणवायू गेला. ज्वलन त्याच्या बरंच आधी अर्धवट होऊ लागतं आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. गळतीचा वास येतो, याला वासच नाही. तो हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, मग पायांतलं बळ जातं आणि कडीपर्यंत हात पोचत नाही.

एक्झॉस्ट फॅनवर विसंबू नका. ताज्या हवेला आत यायला वाट नसेल, तर तो गीझरच्या धुराड्यातला धूर उलटा खोलीत ओढू शकतो. 20 मिनिटांनी बंद होणारा टायमरही विषारी वायू ओळखत नाही.

विजेच्या गीझरचा धोका शॉकचा. मात्र तो आवरता येतो: नीट अर्थिंग, 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच. बोअरचं जड पाणी असेल तर कॉइलवर क्षार चढतात. सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून तो कधीही बुजवू नका.

म्हणून गीझर बाथरूमच्या आतच बसवायचा असेल, तर विजेचाच घ्या. गॅसच हवा असेल तर तो मोकळ्या गॅलरीत बसवून पाइप आत आणा. बंद डक्टमध्ये नको, तिथला धूर वरच्या मजल्यांच्या खिडक्यांतून आत जातो. अंगणातला बंबही आडोशाला म्हणून घरात आणू नये, निखारे हाच वायू सोडतात.

आत कुणी कोसळलं तर दार उघडून आधी मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, 108 ला फोन करा. बोटावरचा ऑक्सिमीटर इथे चुकून चांगला आकडा दाखवतो. डॉक्टरांना ‘गॅस गीझर चालू होता’ हे आधी सांगा, म्हणजे ते रक्तातलं कार्बोक्सिहिमोग्लोबिन, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन, तपासतील.