मेफ्लॉवरचा व्हिंटेज सॅम्प्लर: भरतकामाला पैकीच्या पैकी, इतिहास काठावर पास

बरेच दिवस एखाद्या जुन्या, हाताने भरलेल्या सॅम्प्लरवर डोळा होता, शेवटी ऑनलाइन एका जुन्या वस्तू विकणाऱ्याकडनं घेतलाच. सॅम्प्लर म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पूर्वी युरोप-अमेरिकेत मुली टाके शिकताना एकाच कापडावर एबीसीडी, आकडे, वेलबुट्टी, घर, झाडं असं सगळं भरायच्या, तो तुकडा. फार जुनी परंपरा आहे, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जेन बोस्टॉकचा १५९८ साली भरलेला सॅम्प्लर आहे.

माझ्या सॅम्प्लरवर मेफ्लॉवर जहाजाचा देखावा आहे, म्हणजे इंग्लंडमधून अमेरिकेत वसायला निघालेल्या लोकांना घेऊन गेलेलं जहाज. मधे तीन डोलकाठ्यांचं जहाज, खाली मोठ्ठा १६२० चा आकडा, डावीकडे ओंडक्यांचं घर, उजवीकडे खडकावर उभी असलेली काळ्या टोप्यांची मंडळी, वर एबीसीडी आणि चहूबाजूंनी स्ट्रॉबेरीची वेल. सगळं लिननवर, फुलीच्या टाक्यात, फक्त जहाजाचे दोर तेवढे उलट टाक्याने काढलेत. आणि ते दोर बघाच, एकपदरी दोऱ्याने इतके बारीक ओढलेत की लांबून पेनाने रेघ मारल्यासारखं वाटतं.

लिस्टिंगमध्ये विक्रेत्याने बिनधास्त ‘अँटिक, अठराव्या शतकातला’ असं ठोकून दिलेलं. माझा काही विश्वास बसेना म्हणून आधी मागच्या बाजूचा फोटो मागवला (हा फोटो द्यायला कुरकुर करणाऱ्याकडनं काही घेऊच नका), त्यात दोन-चार ठिकाणी टाके सुटलेत तिथे खाली निळ्या शाईच्या छापील फुल्या चक्क दिसतायत. म्हणजे हा विसाव्या शतकातला किट आहे, कापडावर नक्षी छापून यायची आणि घरी बसून भरायची, अमेरिकेत असले किट ढिगाने विकले जायचे. दुसरी खूण अक्षरांची. जुन्या सॅम्प्लरवर बऱ्याचदा जे आणि यू नसतात, आय आणि व्हीवरच काम भागवलेलं असतं, इथे सव्वीसच्या सव्वीस हजर. हे सगळं लिहून पाठवलं तर विक्रेत्याने वाद न घालता किंमत उतरवली, लिस्टिंग मात्र शेवटपर्यंत बदललं नाही, हे मला आवडलेलं नाही.

आता देखाव्याबद्दल. इतिहास म्हणून बघाल तर गोंधळच आहे. जहाज १६२० चं बरोबर, १०२ प्रवासी घेऊन सप्टेंबरात इंग्लंडमधल्या प्लिमथहून निघालं आणि नोव्हेंबरात केप कॉडला लागलं. पण ते लोक आधी उतरले आज जिथे प्रॉव्हिन्सटाउन आहे तिथे, अमेरिकेतलं प्लिमथ नंतर डिसेंबरात. ज्या खडकावर त्यांनी पहिलं पाऊल ठेवलं असं म्हणतात, त्या खडकाचा तर त्यावेळच्या लिखाणात कुणी उल्लेखसुद्धा केलेला नाही, ती गोष्ट पुढे आली १७४१ मध्ये एका ९४ वर्षांच्या आजोबांकडून, आणि खडकावरचा १६२० चा आकडा कोरला गेला १८८० मध्ये! ओंडक्यांचं घरही चुकीचं, प्लिमथमधली घरं फळ्यांची आणि गवती छपराची होती, ओंडक्यांची घरं डेलावेअरकडे स्वीडिश लोकांनी आणली, तीही १६३८ नंतर. टोपीवरची बकलं ही पण नंतरच्या चित्रकारांची देणगी. पण खरं सांगू, मला यातच मजा आली, कारण हा १६२० चा पुरावा नाहीच, विसाव्या शतकातल्या अमेरिकन घरात १६२० कसं आठवलं जायचं त्याचा पुरावा आहे, आणि त्या अर्थाने अगदी अस्सल आहे.

बरं, नक्षी छापील असली तरी हात काही छापील नाही. कुठलीही फुली घ्या, वरचा टाका सगळीकडे एकाच बाजूला झुकलेला, ज्यांनी कधी मॅटीवर फुल्या भरल्यात त्यांना कळेल हे सांभाळणं किती कटकटीचं असतं. मागे गाठी जवळजवळ नाहीत, दोऱ्याची टोकं आधीच्या टाक्यांखालून सरकवून संपवलीत. एका टोपीवाल्याचा चेहरा छापाप्रमाणे न भरता थोडा बाजूला वळवलाय, का कुणास ठाऊक, पण अख्ख्या तुकड्यात मला तोच सगळ्यात जास्त आवडतो.

यूव्ही टॉर्च मारून पाहिली तेव्हा मधल्या शिडाचा एक कोपरा निळसर पांढरा चमकला, बाकी शिड तसंच मंद. म्हणजे तेवढा भाग नंतर कुणीतरी ब्राइटनर (कापड जास्त पांढरं दिसावं म्हणून वापरतात ते, यूव्हीत चमकतं) असलेल्या नव्या दोऱ्याने दुरुस्त केलाय, दिवसाउजेडी अजिबात ओळखू येत नाही. रंगांचं म्हणाल तर पुढून वेल फिकी गुलाबी झालीये आणि मागून तीच लालभडक, वर्षानुवर्षं उजेडात टांगलेला असणार.

वाईट अवस्था आहे ती फ्रेमची. मागे साधा पुठ्ठा, त्यातल्या आम्लाने कापडावर तपकिरी पट्टे उठलेत, खिळे गंजलेत, काच थेट टाक्यांना टेकलेली. धुवायचा मोह होतो, पण मी धुणार नाही, तो लाल दोरा पाण्यात रंग सोडेल की नाही याची खात्री नसताना अख्ख्या लिननची वाट लावण्यात अर्थ नाही. अॅसिड-फ्री बोर्ड आणि काच कापडापासून जरा लांब ठेवणारी पट्टी, एवढं करून पुन्हा फ्रेम करायला दिलाय, आणि लागेल तो उन्हाच्या भिंतीवर नाही.

एकूण पाचातले चार. एक स्टार लिस्टिंगमधल्या थापेचा कापला. म्युझियमसारखा जुना तुकडा हवा असेल तर हा नाही, पण टाक्यांची हौस असेल आणि अशा घरगुती किटमधलं चांगल्या हाताचं काम मिळत असेल तर घ्या, मागची बाजू बघून घ्या. पॅकिंग ठीकठाक, काचेला एक तडा गेलेला आला, त्याचे पैसे मात्र विक्रेत्याने कटकट न करता परत दिले.